औष्णिक केंद्रासाठी कोळसा निवडताना नुसता उष्मांक बघून भागतं का?

इरईकाठ
नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका खासगी औष्णिक केंद्रात इंधन विभागात आहे. पुढच्या वर्षासाठी आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. जवळच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणीतला जी-१० ते जी-११, ट्रकने येणारा (जी ही उष्मांकावरची सरकारी प्रत, आकडा वाढेल तसा कोळसा हलका). ओडिशातल्या तालचेरचा जी-१३, रेल्वेने. आणि इंडोनेशियाचा ४२०० उष्मांकाचा (किलोमागे ४२०० किलोकॅलरी उष्णता देणारा), बंदरात उतरवून पुढे रेल्वेने.

वरिष्ठांचं म्हणणं असं की दर हजार किलोकॅलरीला दारात किती पैसे पडतात ते काढा, सगळ्यात स्वस्त पडेल तो घ्या. माझं ठाम मत आहे की हा हिशेब अर्धाच आहे. पण मीटिंगमध्ये नुसतं "अर्धा आहे" म्हणून भागत नाही, उरलेला अर्धा आकड्यांत मांडावा लागतो. बॉयलर भारतीय कोळशासाठी बांधलेला आहे, मिल (कोळसा दळायच्या चक्क्या) बाउल प्रकारच्या. तुम्ही मंडळी कोळसा निवडताना काय काय तपासता? प्रत्यक्षात घात कशाने होतो?

दोनबोटं
उष्मांक, राख, ओलावा. बाकी सगळं नंतर.

जुना_बॉयलर
इरईकाठ, सगळ्यात आधी बॉयलरच्या करारातला तो तक्ता काढा ज्यात डिझाइन कोळसा, सर्वांत वाईट कोळसा आणि सर्वांत चांगला कोळसा असे तीन रकाने असतात. भट्टीची उंची, नळ्यांमधलं अंतर, मिलची संख्या, पंख्यांची ताकद, राख उपसायची व्यवस्था, ईएसपीचा (धुरातली राख विजेच्या भाराने पकडणाऱ्या यंत्राचा) आकार, सगळं त्या रकान्यांवरून ठरलेलं असतं. कोळसा चांगला की वाईट हा प्रश्न पुढचा. तो त्या तक्त्यात बसतो का, हा पहिला.

एक हिशेब करून बघा. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालतोय आणि विजेच्या एका युनिटला २४०० किलोकॅलरी लागतात असं धरू. म्हणजे तासाला १२० कोटी किलोकॅलरी. कोळसा ३४०० चा असेल तर तासाला साधारण ३५३ टन, दिवसाला जवळपास ८५०० टन, म्हणजे दोन रेक (मालगाड्या) भरून थोडा वरच. त्यात ४० टक्के राख धरली तर दिवसाला ३४०० टन राख. तोच संच ४२०० च्या इंडोनेशियन कोळशावर घेतला तर दिवसाला ६९०० टनांच्या आत भागतं, आणि त्यात ५ टक्केच राख असल्याने ती ३४५ टनांच्या आसपास येते. दहापट फरक आहे हा. राखेचे पंप, पाइप, बंधारा, वीटभट्टीवाल्यांना द्यायची राख, सगळ्याचा खर्च यातून बदलतो. तुमच्या वरिष्ठांच्या "पैसे प्रति हजार किलोकॅलरी"त यातलं काहीच दिसत नाही.

हिशेबनीस
काका, तुमचा हिशेब पाहिला तर मग इंडोनेशियनच घ्यावा की! राख दहापट कमी. मी एका वीज कंपनीच्या लेखा विभागात होतो, आणि माझं मत वरिष्ठांच्या बाजूने आहे. पैसे प्रति किलोकॅलरी हाच निकष बरोबर आहे, फक्त त्यात राखेचा, वाहतुकीचा, देखभालीचा खर्च मिळवा. वेगळे पंधरा निकष लावत बसलं की शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा कोळसा येतो. एक आकडा असला की जाब विचारता येतो.

जुना_बॉयलर
एक आकडा हवा हे मान्य. पण तो दारातल्या किलोकॅलरीवर का काढता? बाहेर पडणाऱ्या युनिटवर काढा. दारात आलेली प्रत्येक किलोकॅलरी वाफेत जात नाही, आणि किती जाते ते कोळशागणिक बदलतं.

ओलावा घ्या. ओल्या लाकडावर चूल पेटवली की निम्मा जाळ पाणी उडवण्यातच जातो, तेच इथे होतं. कोळशातल्या एक किलो पाण्याची वाफ होऊन ती चिमणीपर्यंत जायला ६२० ते ६३० किलोकॅलरी खाते. इंडोनेशियन कोळशात ३० टक्के पाणी असेल तर किलोमागे १८५-१९० किलोकॅलरी तिथेच गेल्या, म्हणजे ४२०० मधले साडेचार टक्के. आपल्या ३४०० च्या कोळशात १२ टक्के पाणी धरलं तर ७५ किलोकॅलरी, म्हणजे दोन-सव्वादोन टक्के. बॉयलरच्या कार्यक्षमतेत दोन टक्क्यांहून जास्त फरक इथेच पडला. राखेत वाचवलेले पैसे चिमणीतून गेले.

पल्वरायझर
काकांच्या बेरजेत मिलची गोष्ट राहिली, ती मी घालतो. कारण घात मिलमध्येच होतो.

आपल्या कोळशासाठी मिलमधून बाहेर पडणाऱ्या हवा-कोळशाच्या मिश्रणाचं तापमान ७५ ते ९० अंश ठेवतात. इंडोनेशियन कोळशात बाष्पशील पदार्थ (तापवल्यावर वायू होऊन निघणारा भाग) ४० टक्क्यांच्या घरात असतात. तो ९० अंशांवर ठेवलात तर मिलमध्येच पेटतो. म्हणून ५५ ते ६५ वर ठेवावं लागतं. त्यासाठी गरम हवेत थंड हवा मिसळायची. आता ही थंड हवा एअर प्रीहीटरला (धुराच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या यंत्राला) वळसा घालून येते, म्हणजे प्रीहीटरमधून हवा कमी जाते, धुरातली उष्णता कमी शोषली जाते आणि धूर जास्त गरम बाहेर पडतो. पुन्हा तोटा. आणि गंमत अशी की ओला कोळसा वाळवायला जास्त गरम हवा हवी, पण पेट घेऊ नये म्हणून ती थंड हवी. दोन्ही एकदम जमत नाही आणि मिलची क्षमता पडते.

दुसरं, दळणसुलभता, म्हणजे हार्डग्रोव्ह निर्देशांक; आकडा जास्त तितका कोळसा दळायला सोपा. भुकटीचा ७० टक्के भाग २०० मेशच्या चाळणीतून गेला पाहिजे, म्हणजे ७५ मायक्रॉनहून बारीक. निर्देशांक ५५ वरून ४५ वर आला की तेवढीच मिल कमी कोळसा दळते. उष्मांकही कमी असेल तर दुहेरी मार: जास्त टन दळायचे आणि मिल दळते कमी. मग राखीव मिलही चालवावी लागते, आणि एखादी बंद पडली की लोड उतरवायचा. पुरवठादाराच्या कागदावर हार्डग्रोव्हचा रकाना रिकामा दिसला तर मी पुढचं वाचतच नाही.

घुग्घुसकर
अन् दगड? दगडाचं कोन बोलीन? आमच्याकडं खाणीतून ट्रक भरून राह्यले म्हणजे कोळशासंगं शेल, दगड, कधी शॉवेलचा तुटका दात. क्रशरवर चुंबक आहे म्हणून लोखंड सापडते भाऊ, दगड कोन पकडीन?

पल्वरायझर
घुग्घुसकर भाऊ, अगदी. दगड मिलच्या खाली रिजेक्ट म्हणून पडतो, पण पडेपर्यंत रोलर आणि बाउल घासून काढतो. राखेचं प्रमाण तेच असलं तरी त्यात क्वार्ट्झ किती यावर रोलरचं आयुष्य ठरतं. पुढे तीच राख इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या) नळ्या कापते. ट्यूब लीक झाली की संच बंद.

मूस
मी केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे, कोळशाचे नमुने तपासते. तुम्ही सगळे ज्या आकड्यांवर वाद घालताय ते कुठून येतात ते आधी बघू या.

१ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे ए ते जी ही जुनी प्रतवारी जाऊन जी-१ ते जी-१७ आली, ३०० किलोकॅलरीचा एकेक टप्पा. जी-१० म्हणजे ४३०१ ते ४६००, जी-११ म्हणजे ४००१ ते ४३००, जी-१३ म्हणजे ३४०१ ते ३७००. पण ही प्रत ठरते समतोल ओलाव्यावर, म्हणजे नमुना ४० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत स्थिरावल्यावर. तुमच्या बंकरमध्ये (मिलच्या वरच्या कोळशाच्या कोठीत) मात्र जसा आला तसा, ओला कोळसा पडतो. समतोल ओलावा ७ टक्के आणि प्रत्यक्ष १५ टक्के असेल तर ४१०० चा कोळसा तुमच्यासाठी ३७५० चा झाला. खाणवाल्याने फसवलं नाही, आधार वेगळा आहे. इंडोनेशियन ४२०० मात्र बहुतेक वेळा जसा आला तसा या आधारावर असतो. इरईकाठ, तुमच्या वरिष्ठांनी तिन्ही आकडे एकाच आधारावर आणलेत का ते आधी विचारा. नाहीतर तुलनाच खोटी आहे.

बाकी चाचण्या सोप्या आहेत. नमुना २१२ मायक्रॉनपर्यंत दळायचा, ओलाव्याला १०८ अंश, राखेला ८१५ अंश, बाष्पशीलाला ९०० अंशांवर झाकण लावून नेमकी ७ मिनिटं, उष्मांकाला बॉम्ब कॅलरीमीटर (बंद भांड्यात नमुना जाळून उष्णता मोजणारं उपकरण). चाचणीत फार चूक होत नाही. चूक होते नमुना घेताना. जवळपास ४००० टनांच्या रेकमधून शेवटी बॉम्बमध्ये जातो एक ग्रॅम. वॅगनच्या वरच्या थरातून फावड्याने उचलला तर तो सगळ्या वॅगनचा नसतो, वरचा आणि खालचा माल सारखा नसतो. मी तर म्हणेन, एकच गोष्ट सुधारायची मुभा असेल तर नमुना घ्यायची पद्धत सुधारा.

दोनबोटं
१०० टक्के सहमत. एक ग्रॅमवर कोट्यवधींचं बिल.

जयगडचा
कोकणातून लिहितोय. जयगडला ३०० मेगावॅटचे चार संच आहेत, आयात कोळशाच्या हिशेबानेच बांधलेले. जहाज येतं, कोळसा उतरतो. आमच्याकडे कोणी इंडोनेशियन कोळशाला नावं ठेवत नाही, कारण बॉयलर त्याचाच आहे. डहाणूचं उदाहरण आणखी वेगळं. १९९१ मध्ये तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, त्यामुळे तिथल्या ५०० मेगावॅटच्या केंद्राने धुतलेला देशी आणि आयात कोळसा मिसळून वापरला, आणि धुरातलं गंधक समुद्राच्या पाण्याने काढायची यंत्रणा बसवली. जागा कोणती यावरही कोळसा ठरतो.

हिशेबनीस
जयगडचा, पण आयातीवर सगळी भिस्त ठेवायची तर गुजरातमधल्या मुंद्र्याकडे बघा. ४००० मेगावॅटचा प्रकल्प, त्यातल्या विजेत महाराष्ट्राचाही वाटा. २०१० मध्ये इंडोनेशियाने निर्यातीचा दर बाजारभावाशी बांधायचा नियम केला आणि स्वस्त कोळशावर लावलेली सगळी बोली कोलमडली. मग जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी काही काळ निर्यातच थांबवली. तेव्हा "पुरवठा नक्की येईल का" हाही कोळशाचा एक गुणधर्मच समजा.

रानमाळ
चंद्रपूरला राहतो. वीज केंद्राशी माझा संबंध श्वासापुरता आहे. तुम्ही सगळे राख म्हणजे पंप आणि पाइप म्हणताय. आम्ही ती गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून झटकतो. १९९७ च्या अधिसूचनेने खाणीपासून हजार किलोमीटरपलीकडच्या केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरायला मनाई केली. २०१४ मध्ये ते अंतर टप्प्याटप्प्याने ५०० किलोमीटरवर आणायचं ठरलं. मे २०२० मध्ये ती अटच काढून टाकली. आणि खाणीच्या तोंडावर असलेल्या चंद्रपूरसारख्या ठिकाणांना या अंतराच्या अटीचा आधार कधी मिळालाच नाही. कोळसा निवडणाऱ्याने हा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा?

मूस
रानमाळ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रकाना असायलाच हवा. तांत्रिक बाजू तेवढी सांगते. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. आसामच्या कोळशात राख कमी पण गंधक २ टक्क्यांच्या वर. मात्र "गंधक कमी" ऐकून निर्धास्त होऊ नये. काकांच्या हिशेबातले दिवसाचे ८५०० टन घेतले तर अर्ध्या टक्क्याने ४२ टन गंधक, त्याचा सल्फर डायऑक्साइड दुप्पट वजनाचा, म्हणजे ८० टनांच्या आसपास रोज. उष्मांक कमी म्हणून टन जास्त, म्हणून टक्केवारी कमी असूनही एकूण जास्त. गंधकाची तुलना करायची तर तीसुद्धा दर युनिटमागे करा. २०१५ च्या डिसेंबरात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूट मिळाली.

आणि दुसरी बाजू: गंधक फार कमी असेल तर राखेचा विद्युत रोध वाढतो, ईएसपीला ती पकडायला जड जाते. रानमाळ यांच्या गच्चीवरच्या राखेला हेही एक कारण असू शकतं. कोळसा बदलताना ईएसपी पुरेल का हे न विचारता बदलला तर त्याची किंमत गावाला मोजावी लागते.

खडकवाचक
मूळ प्रश्नापासून थोडं दूर जातोय, पण आपल्या कोळशात एवढी राख का हे माहीत असलं तर "धुऊन घ्या की" म्हणणाऱ्यांना उत्तर देता येतं. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, बराकर थरांतला, साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. नद्यांनी वाहून आणलेल्या वनस्पतींबरोबर गाळही साचत गेला, त्यामुळे माती कोळशाच्या कणाकणात मिसळलेली आहे. युरोपातल्या बऱ्याच कोळशात माती वेगळ्या पट्ट्यांत असते, ती धुतली की सुटते. आपला कोळसा धुतला तर मोकळा दगड आणि शेल जातो, आतली राख राहते. ४२ वरून ३४ टक्क्यांवर आणता येतं, १० वर आणायला गेलात तर निम्मा कोळसाच टाकावा लागेल.

घुग्घुसकर
अन् ते टाकलेलं कुठं जाते, तेही सांगा ना साहेब. रिजेक्टच्या नावानं चांगला कोळसा बाहेर गेला तर?

खडकवाचक
म्हणून धुण्याच्या करारात उतारा (धुऊन हाती येणारा कोळसा) आणि रिजेक्टचा उष्मांक दोन्ही बांधून घ्यावे लागतात. रिजेक्ट १५०० किलोकॅलरीच्या वर दिसू लागला तर धुलाई नीट होत नाहीये. तो टाकाऊ माल फ्लुइडाइज्ड बेडच्या (हवेने उचलून धरलेल्या थरात हलका कोळसा जाळणाऱ्या) बॉयलरमध्ये जाळता येतो, वाया जायचं कारण नाही.

लाउझित्सकर
जर्मनीतून. इथे लाउझित्स भागात लिग्नाइटवर (तपकिरी, कच्च्या कोळशावर) केंद्रं चालतात. लिग्नाइटमध्ये निम्म्याहून जास्त पाणी, उष्मांक जेमतेम २००० च्या वर. आपल्या प्रतवारीत जी-१७ च्याही खाली. तरी श्वार्त्से पुंपे इथल्या ८०० मेगावॅटच्या दोन संचांची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास आहे. कारण मिल वेगळ्या: फिरणारे हातोडे कोळसा फोडतात आणि भट्टीतलाच हजार अंशांच्या आसपासचा धूर मिलमध्ये ओढून तो वाळवतात. त्या धुरात प्राणवायू कमी, म्हणून मिल पेटत नाही. खाण शेजारी, वाहतूक पट्ट्यावरून. तोच लिग्नाइट नागपूरच्या बॉयलरमध्ये टाकला तर संच पेटणारही नाही. काकांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं तेच.

पावसाळी
तुम्ही सगळे जर्मनीला पोचलात, आणि इकडे बंकर तुंबलाय. :) जुलैत ज्यांनी बंकरच्या पत्र्यावर घण मारलेत त्यांनाच कोळशाचा खरा गुणधर्म कळतो. प्रयोगशाळेत उष्मांक उत्तम, पण चिकणमाती मिसळलेला चुरा एकदा भिजला की फीडरवर (मिलला कोळसा पुरवणाऱ्या यंत्रावर) उतरतच नाही. आत पोकळी धरून बसतो, फीडर रिकामा फिरतो, ज्वाला डळमळते आणि तेल पेटवून संच सावरावा लागतो. इरईकाठ, बारीक चुऱ्याचं प्रमाण आणि त्यातली चिकणमाती नक्की विचारा. तो तेलाचा खर्च काढलात तर वरिष्ठ लगेच ऐकतील.

जुना_बॉयलर
पावसाळी, बरं झालं आठवण केलीत. आणि उन्हाळ्याचीही तेवढीच. वर्धा खोऱ्यातला कोळसा यार्डात स्वतःहून तापतो. सकाळी ढिगाच्या उतारावर ओलसर घाम आलेला दिसला आणि रॉकेलसारखा वास आला की समजावं, आत पेटतोय. इंडोनेशियन तर त्याहून लवकर. डोझरने थर दाबून हवा काढायची, जुना माल आधी उचलायचा. साठ्यात उष्मांक उतरतो तो वेगळाच. महिनाभराचा साठा करायचा असेल तर कोळसा साठवणीला कसा आहे हा मुद्दा वरच्या ओळीत येतो.

आता मिश्रणाबद्दल. २०२२ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने १० टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांनी सरासरी काढून काम भागवलं. उष्मांक, राख, गंधक यांची सरासरी निघते. राख वितळायच्या तापमानाची निघत नाही. आपल्या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मिळून ८५ टक्क्यांच्या वर, ती १४०० अंशांपर्यंत मऊ पडत नाही. आयात कोळशाच्या राखेत लोह, कॅल्शियम, सोडियम जास्त असू शकतं. दोन्ही मिसळल्या की मिश्रण कधी कधी दोघांहून खाली वितळतं. मी ज्या केंद्रात होतो तिथे असंच मिश्रण चालू असताना भट्टीच्या भिंतीवर क्लिंकरचे (वितळून घट्ट झालेल्या राखेचे) थर धरले. सूट ब्लोअर (नळ्यांवरची राख झोताने उडवणारे) दिवसरात्र चालवले, सुपरहीटरवरच्या वाफेचं तापमान चढत गेलं, आणि एका रात्री मोठा थर सुटून तळाच्या हॉपरमध्ये पडला. भट्टीतला दाब उसळून संच ट्रिप झाला. सरासरीत सगळं उत्तम दिसत होतं.

इरईकाठ
मूसताई, तुमच्या सांगण्यावरून तिन्ही आकडे जसा आला तसा या आधारावर आणले. वेकोलिचा ३७८०, तालचेरचा ३२५०, इंडोनेशियन ४२०० च. अंतर वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं. तक्ताही सापडला: डिझाइन कोळसा ३८०० किलोकॅलरी, राख ३६, ओलावा १२. सर्वांत वाईट कोळसा ३३००, राख ४३. म्हणजे तालचेर सर्वांत वाईटच्याही खाली जातोय, आणि इंडोनेशियनचा ओलावा कुठल्याच रकान्यात बसत नाही. काका, मग वेकोलिचाच मुख्य धरून तालचेर २० टक्के मिसळला तर?

जुना_बॉयलर
उष्मांक ३६७० च्या आसपास येईल, तक्त्यात बसतं. दोन्ही गोंडवनचेच, त्यामुळे वितळण्याची भीती कमी. तरी मिश्रणाची राख वितळण्याची चाचणी करून घ्या. मग एकाच संचावर आठवडाभर चाचणी ज्वलन घ्या, पूर्ण भाराने, आणि कोरडा आठवडा निवडू नका. मिलचे अ‍ॅम्पिअर, रिजेक्टचे टन, राखेतला न जळलेला कार्बन, चिमणीआधीच्या धुराचं तापमान, ईएसपीनंतरची धूळ, तेलाचा वापर, सगळं पाळीगणिक लिहून ठेवा. त्यावरून दर युनिटचे पैसे काढा आणि हिशेबनीस म्हणतात तसा एकच आकडा वरिष्ठांसमोर ठेवा.

हिशेबनीस
आता बोललात. आणि रानमाळ यांची धूळ त्या आकड्याशेजारी स्वतंत्र लिहा, मिळवू नका. मिळवली की दिसेनाशी होते.

मूस
चाचणीच्या आठवड्यात नमुना पट्ट्यावरून घ्या, वॅगनमधून नको. चालत्या पट्ट्याची पूर्ण रुंदी कापून, ठरावीक वेळाने. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करून सील करा: एक तुमचा, एक पुरवठादाराचा, एक वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. आणि ओलाव्याचा नमुना हवाबंद डब्यात लगेच भरा, नागपूरच्या उन्हात तो तासाभरात सुकतो.